ऑकलंड, लिफ्टमार्गे

आमच्या बिल्डिंगमधून कोणी परदेशी निघालं, की त्याच्या टॅक्सीला डबल बेल मिळाल्याशिवाय ती फाटकाबाहेर पडत नाही. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट हे सगळं नंतरचं. आधी तळमजल्यावरचे म्हात्रेकाका बाहेर येणार, डिकी नीट लागली आहे का ते हातानं दाबून बघणार, मनगटावरच्या घड्याळावर नजर टाकणार आणि मग डिकीवर तळहातानं दोन थापा मारणार. तेव्हा गाडी सुटते. पाचव्या मजल्यावरच्या एका जावईबापूंनी घाईघाईत थापांची वाट न बघताच गाडी काढायला लावली होती. काकांनी मागून धावत जाऊन एकच थाप मारली आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. एक बेल म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे आमच्याकडे येणाऱ्या टॅक्सीवाल्याला पाठ आहे, कारण तो मधू म्हणजे काकांचा सख्खा भाचा. जावईबापूंना काच खाली करून कुठून कुठे, कुठल्या मार्गे आणि मध्ये थांबा किती ते सांगावं लागलं. मग रीतसर दोन थापा मिळाल्या.

म्हात्रेकाका लाल गाड्यांच्या स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसायचं आणि माइकवरून सांगायचं, फलाट क्रमांक तीनवर लागलेली गाडी अमुक मार्गे तमुककडे जाईल, प्रवाशांनी जागा घ्याव्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, माइक तिकडे राहिला, आवाज मात्र ते घरी घेऊन आले. आमची बिल्डिंग नायगावजवळ जूचंद्रला त्यांच्या भावकीच्या भातखाचरावर उभी आहे, त्यामुळे जागा त्यांची आणि आम्ही सगळे चढलेले प्रवासी, असं त्यांचं साधारण वागणं असतं. मी मूळची सांगलीकडची, इथे राहायला येऊन मला बरीच वर्षं झाली, पण त्यांनी अजून माझं नाव घेतलेलं नाही. ते मला ‘तिसरा मजला’ म्हणतात. नवऱ्याला ‘तिसऱ्या मजल्याचे साहेब’ म्हणतात, म्हणजे त्यातही पहिला मान माझा, म्हणून मी कधी तक्रार केली नाही.

ऑफिसनं मला आठवडाभरासाठी फ्रँकफुर्टला पाठवलं, तेव्हा मला या माणसाचा पुरता अनुभव आला. बातमी त्यांना कुठून लागली कोण जाणे. मी भाजी घेऊन येत होते, तर फाटकातच अडवलं आणि विचारलं, कुठली गाडी. मी म्हटलं, काका, विमान आहे. ते म्हणाले, विमान तर विमान, पण साधी, जलद की विनाथांबा?

विनाथांबा, असं सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा पडला. मग त्यांनी फोन काढून दोन विमानतळांमधलं हवाई अंतर बघितलं, डोळे मिटले, ओठ हलवले आणि जाहीर केलं की माझा प्रवास अकराशे टप्प्यांच्या आत बसतो. हा टप्पा म्हणजे काय ते लाल गाडीनं फिरलेल्या माणसाला सांगायला नको. सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि तिकीट टप्प्यांवर. काकांच्या डोक्यात जगातली सगळी अंतरं टप्प्यांतच साठवलेली आहेत. वसईचा किल्ला दोनतीन टप्पे, नाशिक पंचवीस-तीस, दुबई सव्वातीनशे, आणि पुढे त्याच हिशोबानं लंडन, टोरंटो, कुठंही. किलोमीटर हे त्यांना सुट्या पैशांसारखे वाटतात, मोठ्या माणसानं त्यात बोलू नये.

विमानकंपन्यांच्या वेळापत्रकावर त्यांचा मुळीच विश्वास नाही. सातव्या मजल्यावरचा मुलगा लंडनला शिकायला गेला, तेव्हा तिकिटावर लिहिलं होतं की दुपारी निघून त्याच दिवशी संध्याकाळी पोचेल. काकांनी ते तिकीट दोन वेळा वाचलं. हवेत नऊ-साडेनऊ तास, आणि घड्याळात मात्र पाचच? त्यांना तिथे फसवणुकीचा वास आला. आम्ही चौघांनी मिळून समजावलं की तिकडची घड्याळं आपल्या मागे असतात. ते म्हणाले, असू देत मागे, पण ड्रायव्हरचा ओव्हरटाइम कुठल्या घड्याळानं लावायचा? जाताना त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, येताना तास वाढतात तेव्हा त्याचा पगार कापतात का?

मग टोरंटोचं प्रकरण झालं. नकाशावर विमानाचा मार्ग सरळ न जाता पार रशियाच्या अंगानं वर जाऊन खाली वाकलेला त्यांनी बघितला आणि ते खवळले. घाट नाही, खाडी नाही, मग वळसा कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. वाटेत कोणी हात दाखवून गाडी थांबवतं का, अशीही त्यांनी शंका काढली. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी घरातून कलिंगड आणि दोरा घेऊन खाली गेले आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जवळचा रस्ता कसा वाकडा दिसतो ते दाखवलं. त्यांनी दोरा स्वतःच्या हातानं एकदा ओढून बघितला. मला वाटलं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी ते नायगाव स्टेशनजवळच्या कलिंगडवाल्याच्या गाडीवर स्वतःचा दोरा घेऊन हजर. एकामागून एक कलिंगड उचलून मुंबई आणि टोरंटोवर अंगठे ठेवून मापं घेतली. कलिंगडवाला बिचारा बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी त्यानं विचारलं, कापून देऊ का. काका म्हणाले, दे, पण टोरंटोच्या बाजूनं काप.

परदेशातून आलेल्या माणसाची बॅग घरात जायच्या आधी त्याची जबानी होते. मधला स्टँड मोठा होता का, बाकडी रिकामी होती का, मुतारी किती लांब, उतरून पाय मोकळे करायला किती वेळ दिला. चहा विमानात जागेवर आणून देतात, हे त्यांना अजून पसंत नाही. थांबा हा प्रवाशाचा हक्क आहे, असं त्यांचं ठाम मत. माणसाला मध्ये उतरता आलं पाहिजे, जमिनीवर चार पावलं टाकता आली पाहिजेत. विनाथांबा गाडीचं नाव काढलं की त्यांचा चेहरा का पडतो, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

आणि पोचल्यावर त्यांना फोन करावाच लागतो. मी फ्रँकफुर्टला उतरले, नवऱ्याला कळवलं, झोपले, तर उठेपर्यंत काकांचे पाच फोन येऊन गेलेले. मी चिडूनच फोन लावला. पलीकडून शांत आवाजात उत्तर आलं, “गाडी सुटली की कंट्रोलरचं काम संपत नाही, तिसरा मजला. पलीकडच्या स्टँडला लागली की संपतं.” माझा राग त्यानंतर फार वेळ टिकला नाही.

त्यांची मुलगी वैशाली न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला असते. काकू तिच्या गावाचं नाव ‘आकलन’ असं घेतात. वैशू आकलनला गेली, आकलनला थंडी पडली. त्यात मला इतकी गंमत वाटते की मी ते कधी सुधारलं नाही. मुंबई ते ऑकलंड हे आमच्या बिल्डिंगमधलं सर्वात लांबचं अंतर. सव्वाबारा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन हजार टप्पे आणि वर थोडे. सरळ विमान नाही, सिंगापूरला उतरून दुसरं धरायचं. हा मार्ग काकांना इतका पाठ आहे, की तिकडे कुठल्या महिन्यात वारा उलटा असतो आणि विमान कधी उशिरा लागतं, तेही ते सांगतात.

इतकं असून गेली पाच वर्षं वैशाली बोलावत होती आणि हे गेले नव्हते. मला वाटायचं, कंट्रोलर लोक असेच, दुसऱ्यांना पाठवण्यात आयुष्य जातं. वैशाली फोनवर घर दाखवायला लागली की हे ओरडायचे, एका जागी उभी राहा, फोन हलवू नको. तेही मला त्यांच्या शिस्तीतलंच वाटायचं. ते लिफ्ट वापरत नाहीत, तळमजल्यावरच राहतात म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळीकडे सायकल. भुईगावला भाचीच्या लग्नाला गेले ते सफारी घालून सायकलवर, घामानं निथळत, आणि सगळं वऱ्हाड एसी बसमधून. माझा नवरा जिना चढताना धापा टाकायला लागला की मी त्याला काकांचं उदाहरण देते.

गेल्या पावसाळ्यानंतर मात्र मला एक नवीन गोष्ट दिसली. भर दुपारी मी दार उघडलं, तर काका आमच्या मजल्यावर जिन्याच्या पायरीवर बसलेले, डोळे मिटलेले, तोंडाला रंग नाही आणि हातात एक लिंबू. मी घाबरून पाणी आणलं. ते म्हणाले, काही नाही, टाकी बघायला आलो होतो. टाकी सातव्या मजल्याच्या वर आहे. आठ दिवसांनी चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं, काका आमच्याकडे पण टाकी बघून गेले, लिंबू घेऊन. आम्ही दोघींनी त्यावर बरीच चर्चा केली आणि वयाचा परिणाम असं ठरवून टाकलं.

थंडीत बातमी आली की वैशालीला दिवस गेले आहेत. तिच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नव्हता, त्यामुळे बाळंतपणाला आईवडिलांनीच यावं, दोघांनीही यावं, असा तिनं हट्ट धरला. काका तिकिटाच्या मागे लागले आणि रोज एक विमान नापास करू लागले. एकाला सिंगापूरला वेळ कमी, कनेक्शन चुकलं तर काय. दुसऱ्याला इतका जास्त की बाकड्यावर बसून पाठ धरेल. मग त्यांनी स्वतःच एक मार्ग काढला. चेन्नई, तिथून कोलंबो, तिथून क्वालालंपूर, पुढे सिंगापूर, मग बाली, ऑस्ट्रेलियात दोन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी उतरून मुक्काम. टप्प्याटप्प्यानं जाऊ, असं ते सगळ्यांना सांगत होते. काकू म्हणाल्या, तवर पोर शालेत जाईल.

एक दिवस मी काकूंकडे वाल सोलायला बसले होते आणि सहज बोलून गेले, काकांना झालंय तरी काय, इतकं सगळं माहीत असून तिकीट का काढत नाहीत. काकूंनी आधी दाराकडे बघितलं. काका सायकल घेऊन बाहेर गेलेले होते. तरी त्यांनी आवाज खाली आणला.

“अगो, त्यांना गारी लागते.”

मला क्षणभर कळलंच नाही. फलाटावर गाडी लागते ती लागते, की पोटात मळमळून लागते ती? काकूंनी पदर तोंडाला लावला आणि हसायला लागल्या, आणि मग सगळं बाहेर आलं. काका मुळात कंडक्टर म्हणून भरती झाले होते. पहिल्याच दिवशी, पहिल्याच फेरीत, तिसऱ्या टप्प्याला त्यांनी गाडी थांबवायला एक बेल मारली आणि उतरून रस्त्याच्या कडेला ओकले. पुढच्या गावापर्यंत आणखी दोनदा. प्रवासीच त्यांना धरून बसवत होते, आणि एका म्हातारीनं तिच्या पिशवीतलं लिंबू दिलं. साहेब भले होते, त्यांनी पोराला गाडीवरून काढून खिडकीमागे बसवलं. आयुष्यभर हा माणूस माइकवरून सांगत राहिला की गाडी लागली आहे, आणि स्टँडवरचे जुने लोक प्रत्येक वेळी तोंड फिरवून हसत राहिले. लग्नाच्या वरातीतही ते काकूंच्या गाडीबरोबर चालत आले होते. लोकांना वाटलं, नवरदेव हौशी आहे.

“वैशू गेली तवापासून रोज फोनात ते आकलन बगतात,” काकू म्हणाल्या. “कुठं उतराय मिलंल, कुठं बसाय मिलंल. मना बोलतात, सुमन, मी येनार. आता लिफ्टीत बसून सवय करत होते. एकेक मजला. चौथ्यापरयंत गेले गो. पाचव्याला नाय जमला.”

वाल सोलता सोलता माझे हात थांबले. ती टाकी, ते लिंबू, तो विनाथांब्याला पडणारा चेहरा, सगळं एकदम माझ्या डोळ्यांपुढे आलं. मला खूप हसायला येत होतं आणि त्याहून जास्त रडायला येत होतं, आणि काकूंचंही तेच चाललं होतं. बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला तो माणूस उतरायला मिळतं का ते विचारत होता, ते स्वतःसाठी. आणि आम्ही त्याला नाद म्हणत होतो.

शेवटी तिकीट एकच निघालं. काकांनी जाहीर केलं की बिल्डिंगमध्ये पाण्याच्या लाइनीचं काम निघालं आहे, भावकीच्या जमिनीचं मोजमाप आहे, आपल्याला हलता येणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली. काकू आयुष्यात विमानात बसल्या नव्हत्या. पण काका त्यांना रोज संध्याकाळी खुर्चीवर बसवून पट्टा कसा लावायचा, सिंगापूरला उतरल्यावर पाटी कुठली बघायची, कोणाला काय विचारायचं ते शिकवत होते. काकूंना त्यातलं किती कळत होतं ते माहीत नाही. त्या फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

निघायच्या दिवशी दुपारी मधूची टॅक्सी फाटकाशी लागली. आमची अर्धी बिल्डिंग खाली उतरली होती. बॅगेत सुकवलेले बोंबील, डिंकाचे लाडू, बाळासाठी जुन्या लुगड्याच्या दुपट्यांची चळत. काकू नवी साडी नेसून मागच्या सीटवर बसल्या आणि पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून सरळ समोर बघायला लागल्या. त्या खूप घाबरल्या होत्या, मला ते काचेतून दिसत होतं. काकांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं की नायगाव ते ऑकलंड, सिंगापूरमार्गे जाणारी गाडी सुटत आहे. डिकी दाबून बघितली. घड्याळ बघितलं. हात उचलला आणि डिकीवर एक थाप मारली.

दुसरी मारलीच नाही.

मधूनं गियर टाकला होता, तो त्यानं परत काढला. काका डिकीवर तळहात तसाच ठेवून उभे होते. मधूनं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, मामा, काय राहिलं का? मागची काच खाली गेली आणि काकूंनी मान वळवली.

काका पुढे गेले आणि मधूच्या शेजारचं दार उघडून आत बसले. माइकवाला आवाज कुठल्या कुठे गेला होता. आम्हाला त्यांचं घरातलं बोलणं ऐकू आलं.

“दोन हजारांतले सात टप्पे तरी येतो.”

जूचंद्रपासून विमानतळापर्यंत सातच टप्पे होतात, हे आमच्यातल्या कोणी तपासलं नाही. काकू एवढंच म्हणाल्या, “तुमाला लागंल ना.”

“लागली तर लागली,” काका म्हणाले. “मधू थांबवंल. थांबा हाय आपल्याला.”

त्यांनी सफारीच्या खिशातून लिंबू काढलं. म्हणजे ते सकाळीच खिशात घालून ठेवलेलं होतं. पट्टा लावला, पाय घट्ट रोवले, आणि खिडकीतून मान काढून माझ्याकडे बघितलं. गाडी कोणी सोडायची, हा प्रश्न होता. ते म्हणाले, तिसरा मजला, बेल द्या.

माझे डोळे भरून आले होते, आणि शेजारी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी नाक ओढत होत्या. मी मागे गेले, डिकी दाबून बघितली, आणि तळहातानं दोन थापा मारल्या. गाडी हलली. काका समोर रस्त्याकडे बघत होते, लिंबू नाकाशी धरून. मागच्या सीटवरून काकूंनी हात पुढे करून त्यांच्या खांद्यावर ठेवला होता, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो तिथेच होता.